उजेडापुरती अवस्था

पदार्थाचे गुण सांगतांना त्याचें घटकद्रव्य, उष्णतामान व दाब एवढें सांगितलें कीं पुरे, अशी आम्हां पदार्थविज्ञान शिकविणाऱ्यांची जुनी वहिवाट. अलीकडे त्या यादींत प्रकाशाचेंहि नांव घालावें लागतें, तें ग्राफीनमुळें.

ग्राफीन म्हणजे एकाच अणूच्या जाडीचा कार्बनचा थर. वाहता विद्युत्प्रवाह बाजूस वळवावयाचा तर एरवीं लोहचुंबक लागतो. २००९ सालीं ओका व आओकी ह्या जपानी शास्त्रज्ञांनीं गणितानें दाखविलें कीं, ज्याचें विद्युत्क्षेत्र वर्तुळाकार फिरतें असा प्रकाश ग्राफीनवर टाकल्यास इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांची रचनाच पालटते, व चुंबकावांचून तें काम होतें. हॅम्बुर्गच्या माक्स प्लांक संस्थेंतील प्रयोग २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असा प्रवाह आढळला. प्रकाशाची फिरत उलटवितांच प्रवाहहि उलटला. त्याचा कांहीं भाग केवळ इलेक्ट्रॉनांच्या विषम वांटणीचा असावा, अशीहि उपपत्ति आहे, आणि ती सोडून देण्याजोगी नाहीं. आमच्या इकडे पवईच्या आय.आय.टी.तील गोपाल दीक्षित व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०२१ सालीं दोन रंगांच्या, परस्परविरुद्ध फिरणाऱ्या प्रकाशानें ह्याच ग्राफीनमधील इलेक्ट्रॉन एका विशिष्ट गटांत अधिक कसे लोटतां येतील, ह्याचें गणित मांडलें.

हॅम्बुर्गचा प्रकाशझोत टिकतो सेकंदाच्या लक्ष-कोटी भागांपैकीं अर्धा भाग! खांदेश्वरच्या तळ्याकांठीं फिरतांना आमचे एक वकील स्नेही हें ऐकून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, भाडेकरूस कोणी घरमालक म्हणत नाहीं. दिवा मालवतांच जाते, ती कसली अवस्था?"

पण बर्फ तरी थंडीच्या आश्रयानेंच राहतें ना? उलटा लंबक घ्या. त्याचा टेकू पुरेशा वेगानें वरखालीं हालवीत राहिलें तर तो डोक्यावर उभा राहतो. १९५१ सालीं कापित्सा ह्यांनीं ह्याची मीमांसा केली. टेकू थांबला कीं लंबक पडतो, म्हणून त्याचें उभें राहणें खोटें ठरत नाहीं.

वकीलसाहेबांना सुचला नाहीं असा आक्षेप मात्र खरोखर बळकट आहे. बर्फ आणि भोंवतालची थंडी ह्यांची देवघेव मिटलेली असते. प्रकाशानें हालविलेलें द्रव्य ऊर्जा घेतच राहतें, तापतें, आणि त्या उष्णतेंत ती नाजूक रचना विस्कटते. म्हणूनच झोत प्रखर पण क्षणिक ठेवून, तापण्यापूर्वीं मोजणी उरकावी लागते. अशा द्रव्याचें उष्णतामान किती, हा प्रश्न देखील कित्येकदां अर्थशून्य होतो. ह्या वर्षीं आम्ही वर्गांत उष्णतामान व दाब ह्यांच्या शेजारीं 'प्रकाश' लिहितों खरे, पण त्याच्यापुढें विद्यार्थ्यांकडून वेळहि लिहवून घेतों.