कापाआड राहिलेली रेघ

रात्री दीडच्या सुमाराला दुचाकीवरून पडलेल्या एका तरुणाचा मानेचा सीटी माझ्यासमोर आला. मी तेव्हा निवासी डॉक्टर होते. पाच मिलिमीटर जाडीचे आडवे काप वरून खाली, खालून वर पाहिले आणि 'फ्रॅक्चर नाही' असं लिहून मोकळी झाले. सही करण्याआधी सरांनी एकच विचारलं, "सॅजिटल कुठे आहेत?"

टेक्निशियन काकांनी त्याच डेटावरून एक मिलिमीटरचे काप काढले, हाडांसाठीचा कर्नल, म्हणजे चित्र बांधतानाचा फिल्टर, लावला आणि मान बाजूने उभी, म्हणजेच सॅजिटल कापांत, उलगडून दाखवली. दुसऱ्या मणक्याला दातासारखा सुळका असतो. त्याच्या पायथ्याशी बारीक आडवी रेघ होती. भेग आडवी आणि माझे कापही आडवे. पाच मिलिमीटरच्या जाडीत भेगेची सावली आजूबाजूच्या हाडात मिसळून गेली होती. त्या तरुणाला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं नाही, क्ष-किरणांचा जादा डोस द्यावा लागला नाही. मोजमापं तीच राहिली, चित्र तेवढं नव्याने बांधलं गेलं.

त्या रात्रीपासून मी सीटीला फोटो म्हणणं सोडलं. हे यंत्र शरीराभोवती फिरत कुठल्या दिशेने किती किरण अडले एवढंच मोजतं. त्या मोजमापांवरून आत काय आहे हे शोधायचं, हे गणित आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. त्या यंत्राचं चित्र ८० गुणिले ८० चौकटींचं असे. त्याच वर्षी आपल्याकडचे जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी चित्र बांधण्याची सुटसुटीत रीत मांडली. त्यांचा फिल्टर आजही 'राम-लाक' म्हणून ओळखला जातो. मोजमापं नुसती उलटी पसरली तर चित्र धूसर येतं. फिल्टर कडा रेखीव करतो, पण त्याबरोबर चित्रातली खरखरही वाढवतो. आमच्या कामातली सगळी तडजोड इथून सुरू होते. हाडाला आणि फुप्फुसाला तीक्ष्ण कर्नल, यकृताला आणि मेंदूला मऊ. एकाच कर्नलवर सगळं वाचणं म्हणजे एकाच चष्म्याने सुईही ओवायची आणि रस्ताही पाहायचा.

डोस निम्मा केला की खरखर साधारण १.४ पट होते. ती कमी करायला पुढे इटरेटिव्ह रीकन्स्ट्रक्शन, म्हणजे पुन्हा पुन्हा सुधारत चित्र बांधणं, आलं आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं. त्याचं मोल मी जाणते. वारंवार तपासण्या होणाऱ्या मुलांचा डोस खाली आणता येणं ही मोठी गोष्ट आहे. पण अशा गुळगुळीत चित्रांवर मला जी खात्री वाटते, तिला मी जपून वागवते. यकृतातली काही मिलिमीटरची, आसपासच्या उतीपेक्षा किंचितच गडद अशी गाठ असते. डोस फार कमी केला, तर ती मोजमापांतच पुरती उतरलेली नसते. नंतर चित्र कितीही स्वच्छ केलं तरी ती परत येत नाही. उलट, ही स्वच्छ करण्याची प्रक्रिया जोरकस असेल, तर खरखरीबरोबर तीही पुसली जाते. डोळ्याला चित्र सुखद वाटतं, हात आत्मविश्वासाने 'यकृत निर्दोष' लिहितो. खात्री वाढलेली असते, अचूकता मात्र तिथेच असते, कधी घटलेलीही.

म्हणून मी काही नेम पाळते. पातळ काप उघडल्याशिवाय रिपोर्ट लिहायचा नाही. मानेला तिन्ही दिशा पाहायच्याच. यकृतात शंका आली तर कमी गुळगुळीत केलेलं चित्र शेजारी लावायचं. चित्रच अपुरं असेल, तर 'नाही' असं न लिहिता 'या तपासणीत दिसत नाही' असं लिहायचं आणि मर्यादा कोणती, तेही सांगायचं.

नव्या निवासी डॉक्टरांना माझं एकच सांगणं आहे. कन्सोलवरच्या माणसाशी बोला, कर्नल कोणता आणि काप किती जाडीचे हे विचारा. नवं रीकन्स्ट्रक्शन हवं असेल तर त्याच दिवशी मागा. यंत्रातला कच्चा डेटा थोडेच दिवस राहतो, मग त्याच्या जागी दुसऱ्या रुग्णाचा येतो.