पाळकाचे घर

‘पाळक’ हा शब्द मराठीत मोठा घरगुती आहे. राखणदार दारावर उभा असतो. पाळकाला मात्र उंबरठ्याच्या आत यावे लागते. मराठी ख्रिस्ती समाजाने आपल्या धर्मगुरूसाठी हाच शब्द रूढ केला, यात त्या पदाचे सारे मर्म आले. प्रेस्बिटेरियन पंथाचे नावही असेच कुटुंबातले आहे. ‘प्रेस्बिटर’ या शब्दाच्या ग्रीक मुळाचा अर्थ वडीलधारा माणूस. या पंथात बिशप नसतो. मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून कारभार पाहतात.

परंतु दुसऱ्याचे घर सांभाळू निघालेल्या पहिल्या पिढीला स्वतःच्या घराचे मोल द्यावे लागले. सन १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि अजाण मुलाचा ताबा त्यांना मिळाला. पुढे त्या मुलाला पंक्तीत घ्यावे की नाही, यावरून शहरातील ब्राह्मणांत तट पडले. त्याला शुद्ध करून घेण्याच्या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. ही हकीकत वाचताना मला कोणाचाच पक्ष घेववत नाही. मुलाची श्रद्धा खरी होती, तसेच बापाचे दुःखही खरे होते.

हेच नारायण शेषाद्री १८५४ मध्ये दीक्षित पाळक झाले आणि पुढे जालन्याकडे गेले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी तेथे गाव वसविले. गावाचे नाव बेथेल, म्हणजे देवाचे घर. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते, अशी माणसे तेथे विहिरीची आणि शाळेची धनी झाली. एक घर तुटले, त्यातून एक गाव उभे राहिले. तरी तुटलेले ते तुटलेलेच, हे आपण विसरू नये.

बेळगावचे बाबा पदमनजी हेही याच परंपरेतले. विधवांच्या हालअपेष्टा सांगणारे त्यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये निघाले; पुढे ते पुण्यात पाळक झाले. सन १९७० मध्ये नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, आणि महाराष्ट्रातील या परंपरेच्या पुष्कळ मंडळ्या त्यापूर्वीच्या एका संयुक्त मंडळीमार्फत त्यात सामील झाल्या. नाव बदलले, पण ‘पाळकसाहेब’ ही हाक राहिली.

सध्या माझा मुक्काम मुलाकडे, बंगळूरच्या महादेवपुऱ्यात आहे. संगणकाच्या नोकऱ्यांनी देशभरची माणसे येथे आणली. भाड्याची घरे वरचेवर बदलतात. शेजाऱ्याचे नाव कळेपर्यंत त्याचे सामान टेम्पोत चढलेले असते. अशा वस्तीत पाळकाने कोणाला ओळखावे?

आमच्या मजल्यावर जालन्याकडच्या एक आजीबाई राहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले. मुलाच्या मंडळीचे पाळक भेटीस येत. त्यांना मराठी येत नसे आणि आजीबाईंना दुसरी भाषा येत नसे. एकदा त्यांनी आजोबांचे मराठी शास्त्र नातवाच्या हाती दिले आणि वाचावयास सांगितले. इंग्रजी शाळेतला तो मुलगा अक्षर अक्षर जुळवीत होता. पाळक शेजारी मान खाली घालून ऐकत बसले. आजोबांचे ओठ हलत होते. मुलगा अडखळला की पुढचा शब्द तेच सांगत. आठ दिवसांनी ते गेले.

माझा धर्म निराळा; त्या उपासनेचा मी केवळ साक्षी. तरीही वाटले, त्या गृहस्थांना भाषा येत नव्हती, पण घर कळत होते. मरणाऱ्याला त्याचे शब्द आणि नातवाला त्याचे आजोबा, दोन्ही त्यांनी एकाच वेळी मिळवून दिले. आपल्या गावापासून दूर पडलेल्या प्रत्येक कुटुंबाला, ते कोणत्याही धर्माचे असो, असा एक वडीलधारा लागतोच. तो न मिळाल्यास शेजाऱ्याने ते काम उचलावे; त्यासाठी दीक्षा लागत नाही.