भिंतीवरचे चित्रकार

नांदेड-लातूरकडच्या गावांत पेंटरला आडनाव उरत नसे. लोक नावापुढे 'पेंटर' जोडत आणि आडनाव विसरून जात. कोल्हापूरचे सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटर यांना हाच शब्द मानाने चिकटला. चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवत मोठे झाले. आमच्याकडचे पेंटर भिंतीवरच राहिले आणि फ्लेक्स आल्यावर तिथूनही गेले. त्यांना चित्रकार म्हणूनच निरोप द्यायला हवा.

काय येत नव्हतं त्यांना! दुकानाची पाटी, ट्रकच्या फाळक्यावरचा मोर, देवळातला मारुती, माळेगावच्या यात्रेतला तमाशाचा पडदा. निवडणुकीत एकाच भिंतीच्या दोन टोकांना पंजाही तेच काढत आणि कमळही.

भिंत रंगवायची तर आधी चुन्याचे दोन हात. मग निळीत बुडवलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा, मध्ये टिचकी मारायची, की सरळ रेघ उमटे. मोठ्या चित्रासाठी फोटोवर पेन्सिलीच्या चौकटी, भिंतीवर खडूच्या. नाकडोळे मात्र नजरेने. शिडीवरून उतरायचं, रस्ता ओलांडून पलीकडून बघायचं, पुन्हा चढायचं.

१९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा, कारभार उर्दूत. म्हणून इथला जुना पेंटर उजवीकडून डावीकडेही तितक्याच सफाईने लिही. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याच्या आसपास गुरुमुखीही लागे. देवनागरीची शिरोरेषा आणि उर्दूचा उतार एकाच मनगटात नांदत होता. माझ्या लेखी ही त्यांची सर्वांत मोठी कमाई.

सरकारचा आवाजही त्यांच्याच हातून गावात पोचला: १९७०च्या दशकात देवीचा रोगी कळवणाऱ्याला बक्षीस, कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, पुढे ग्रामस्वच्छता अभियान, शाळांच्या बोलक्या भिंती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसर कोसळला, तेव्हा भिंतींबरोबर त्यांवरची ही कामंही मातीत गेली.

फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो, स्वस्तही पडतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण लातूरच्या गंजगोलाईभोवती पाटीच्या अक्षराचं वळण बघून पेंटर कोण ते सांगणारी माणसं होती. छापील अक्षरात ते ओळखायचं तरी कसं?

आज यांतले कितीतरी जण घरांना रंग देतात, कुणी फ्लेक्सच्याच दुकानात मजकूर जुळवतो. त्यांच्या उरल्यासुरल्या भिंतींवर नवा रंग चढायच्या आत कुणीतरी त्या भिंतींचे फोटो काढून ठेवावेत, पेंटरच्या नावासकट. नाव शोधायला लांब जावं लागणार नाही. अनेकांनी खालच्या कोपऱ्यात सही केलेली आहे.