बाजारवाट

हल्ली सायकलीला पुन्हा मान आला आहे. रविवारी पहाटे शहराबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट घातलेले डॉक्टर, वकील, प्राध्यापक रांगेने जाताना दिसतात. हजारो रुपयांची गिअरची सायकल, हातात मोजे, पाठीला पाण्याची पिशवी. साठ-सत्तर किलोमीटर करून येतात आणि सोमवारी कचेरीत नव्या वाटांचे वर्णन करतात. आम्हाला त्यांचे कौतुकच आहे. पण 'नवी वाट' हा शब्द ऐकला की आम्हा तिघांना थोडे हसू येते. त्या वाटा आमच्या घरातल्या माणसांनी आयुष्यभर तुडवल्या होत्या. छंद म्हणून नव्हे, पोटासाठी.

आमच्या तिघांची आडनावे अत्तार, शिकलगार आणि पिंजारी. महाराष्ट्रातल्या मुसलमानांची आडनावे म्हणजे जुन्या बाजारपेठेची यादीच. तांबोळी, बागवान, मणियार, मोमीन, आणि गावच्या बलुतेदारीत ज्याचा हक्क होता तो मुलाणी. यांतले कितीतरी लोक सायकलीवर फिरून धंदा करत. प्रत्येक मोठ्या गावाचा बाजाराचा वार ठरलेला. सोमवारी एक गाव, मंगळवारी दुसरे, असे करत जुम्म्याच्या नमाजेला शहरात परत. हा फेरा वर्षानुवर्षे न चुकता चाले.

अत्ताराच्या सायकलीला मागे लोखंडी पेटी. तिच्यात अत्तराच्या कुप्या आणि सुरमा तर असेच, पण त्याहून जास्त जागा कुंकू, बुक्का, अष्टगंध, काळे मणी आणि फण्या यांना. पहाटे फजरची नमाज पढून निघालेला माणूस दिवसभर सवाष्णींना कुंकवाच्या पुड्या बांधून देई. यात काही विशेष आहे, असे ना त्याला वाटे ना घेणारीला. शिकलगाराची सायकल स्टँडवर उभी केली की तिचे यंत्र होई. पेडल मारले की पट्ट्यावर सहाणेचा दगड फिरे आणि विळे, कात्र्या, अडकित्ते यांतून ठिणग्या उडत. पोरे भोवती कोंडाळे करत. पिंजाऱ्याची लांब धुनकी सायकलीच्या दांड्याला बांधलेली असे. दिवाळीच्या आधी गावोगाव गाद्या-उशांचा कापूस पिंजून द्यायचा, त्या अंगणात बसून भाकरी खायची.

उधारी सुगीपर्यंत चाले. कुणाच्या मुलीचे लग्न ठरले, कुणाची विहीर आटली, कोणत्या घरी म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले, हे या फिरस्त्यांना ठाऊक असे. माहेरचा निरोप सासरी पोचवण्याचे कामही त्यांच्याकडेच. सायकलीवर नमाजी टोपी घातलेला माणूस दिसला की कुत्रीसुद्धा भुंकत नसत.

पुढे हे सारे ओसरले. कारखान्यातल्या गाद्या आल्या, बोथट झाली की फेकून द्यायची सुरी आली, गावातच जनरल स्टोअर्स झाले, मोटारसायकल हप्त्याने मिळू लागली. ज्या अॅटलस सायकलींवर कित्येकांचे संसार चालले, त्या कंपनीने साहिबाबादचा आपला शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला. योगायोग असा की तो जागतिक सायकल दिन होता. आमच्या घरची पुढची पिढी शिकली, नोकरीला लागली, काही पुण्याला गेली. हे वाईट झाले असे कोण म्हणेल? पण दर आठवड्याला गावात येणारे एक ओळखीचे तोंड येईनासे झाले, याची नोंद कुणी घेतली नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यातलाच एक जुना फेरा सायकलीने करायचे ठरवले. वाट साधी. नगरहून दक्षिणेला अरणगाव, पुढे कोळगाव, लोणी व्यंकनाथ आणि मुक्काम श्रीगोंद्याला. दुसऱ्या दिवशी भीमेकाठी पेडगाव, तिथून सिद्धटेक आणि शेवटी दौंड. आमचे शहर १४९० मध्ये अहमद निजामशहाने वसवले. २०२४ मध्ये त्याचे नाव अहिल्यानगर झाले. खेड्यातली माणसे मात्र आधीही नुसते 'नगर' म्हणत आणि आताही 'नगर'च म्हणतात.

हा मुलूख सपाट वाटतो, पण सपाट नाही. मोटारीत बसणाऱ्याला ते कळत नाही, मांड्यांना कळते. एक टेकाड चढावे, पलीकडे उतार, खाली ओढा, ओढ्याकाठी बाभळी, की पुन्हा चढ. पाऊस बेताचाच. पण जिथे कुकडीचा कालवा पोचला तिथे ऊस उभा आहे, जिथे नाही तिथे ज्वारी आणि तूर. श्रीगोंद्याकडे लिंबाच्या बागा लागतात. पौषातल्या सकाळी ज्वारी कणसात आलेली असते आणि वाऱ्याला ओल्या धाटांचा वास असतो. अरणगावाजवळ मेहेरबाबांची समाधी आहे. पारशी घरात जन्मलेल्या या पुरुषाच्या दर्शनाला देशोदेशींची माणसे येतात. या माळाला परकी माणसे नवी नाहीत.

कोळगाव सोडल्यावर एका फाट्यावर चहाला थांबलो. तिथे चार-पाच तरुण बसले होते. आमच्यातल्या एकाची दाढी आणि दुसऱ्याची टोपी त्यांनी पाहिली असावी. एकाने विचारले, "कुठले तुम्ही?"

"नगरचे."

"ते नव्हं. मूळ कुठले?"

"मूळचेही नगरचेच."

दुसऱ्याने मोबाइल आमच्या दिशेने धरला. आम्ही गप्प बसलो. अशा वेळी काय बोलावे, याचा आता सरावच झाला आहे. काही बोलू नये. तेवढ्यात चहावाल्याची आई आतून आली. तिने आमच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, "कुणाचा रं तू?" आमच्यातल्या अत्ताराने वडिलांचे नाव सांगितले. म्हातारी म्हणाली, "काळ्या पेटीवाला अत्तारभाऊ? आरं, माझ्या लग्नातलं कुंकू त्याच्याच पेटीतलं! हाय का?" गेल्याला अकरा वर्षे झाली, असे सांगितल्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग मुलाला म्हणाली, "ह्यांचं पैसं घिऊ नगं."

मोबाइल खिशात गेला. तरुणांनी माफी वगैरे मागितली नाही, तशी आमची अपेक्षाही नव्हती. निघताना त्यांच्यातला एक एवढेच म्हणाला, "पुढं सराटे लई हायेत, डांबर सोडू नका." ज्याने सायकल चालवली आहे त्यालाच या वाक्याची किंमत कळेल.

पुढचे आठ-दहा किलोमीटर आम्ही फारसे बोललो नाही. डोक्यात ते दोन प्रश्नच फिरत होते. 'कुणाचा रं तू?' आणि 'मूळ कुठले?' पहिला प्रश्न माणसाला घरात घेतो, दुसरा दाराबाहेर उभा करतो. पहिला विचारणारी ऐंशीची होती, दुसरा विचारणारा विशीतला. त्या पोराच्या मनात विष आहे, असे आम्हाला वाटले नाही. त्याने अत्तार पाहिलेला नाही, एवढेच. त्याला मुसलमान भेटतो तो मोबाइलमध्ये.

श्रीगोंद्याचे जुने नाव चांभारगोंदे. इथे शेख महंमदांची समाधी आहे. 'योगसंग्राम' लिहिणारे हे संतकवी. मुसलमान घरात जन्मले, मराठीत लिहिले. गुरू चांद बोधले. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांनी त्यांना गुरू मानले, अशी परंपरा सांगते. त्या स्थळाला दर्गा म्हणावे की मंदिर, यावर अलीकडे वाद पेटला. आम्ही तिथे फातेहा पढलो. शेजारी एक कुटुंब नारळ फोडत होते. कुणी कुणाला अडवले नाही.

दुसऱ्या दिवशी पेडगाव. भीमेच्या काठी मोगल सरदार बहादूरखान कोकलताश याने बांधलेला बहादूरगड आहे. आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. आत यादवकाळातले लक्ष्मीनारायणाचे देखणे मंदिर उभे आहे. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून इथेच आणले होते. त्या जागी उभे राहिल्यावर जीव जड होतो. तो आमचाही झाला. हे सांगावे लागते, हीच आजची अडचण आहे.

श्रीगोंदा आणि पेडगाव एकाच तालुक्यात आहेत. एका ठिकाणी भोसल्यांच्या घराने मुसलमान गुरू केला, दुसऱ्या ठिकाणी त्याच घराच्या राजाचा छळ झाला. मध्ये सायकलीची दीड-दोन तासांची वाट. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सभेतला वक्ता त्यातली एकच उचलतो. आपल्यातलेही काही जण फक्त शेख महंमदांचे नाव घेतात आणि पेडगावचे टाळतात. तेही बरोबर नाही. रस्ता दोन्ही गावांतून जातो, तर दोन्हीकडे उतरले पाहिजे.

पूर्वी भीमा ओलांडून सिद्धटेकच्या गणपतीला जायला होडी लागे, आता पूल झाला आहे. पुलावरून उतरून संध्याकाळी दौंडला पोचलो तेव्हा पाठ बोलत होती. दोन दिवसांत दोन पंक्चर. एक आम्ही काढले, दुसरे एका गावातल्या पोराने. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा शोधला, ठिगळ लावले, हवा भरली आणि वीस रुपये घेतले.

हा फेरा ज्यांना करायचा असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारीत करावा. पहाटे निघावे, उन्हाच्या आत थांबावे. दोन जादा ट्यूब, पंप आणि पाणी घ्यावे, ओझे कॅरिअरवर खाली बांधावे. ताशी बारा किलोमीटरच्या पुढे जायची घाई करू नये. शक्य तर बाजाराच्या दिवशी जावे आणि तिथे काहीतरी विकत घ्यावे. आणि घरातल्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाला बरोबर न्यावे. आजोबांचे नाव त्याला नीट पाठ असले पाहिजे. वाटेत कुणीतरी विचारील.