वाढत्या अंगाचे कपडे

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवावयाचे, ही आमच्या मध्यम स्थितींतील घरांची जुनी काटकसर आहे. शिंप्याला सांगावें, "आंत चार बोटें माया ठेवा," आणि मूल वाढेल तसतशी ती उसवून सोडीत जावी. आमच्या पुतण्याच्या मुलाची शाळेची विजार त्याच्या सातव्या वर्षीं अशीच शिवली होती. तीन वर्षांनीं सूनबाईंनीं ती हातीं घेतली, तेव्हां आंतली माया होती तशीच होती. कापड विटलें होतें, गुडघ्यांवर झिजलें होतें. उसवण्याची वेळ मात्र आली नव्हती.

कारण घरांत सर्वांस ठाऊक होतें. पांचव्या वर्षीं त्याच्या लहान मेंदूंत कर्करोगाची गांठ निघाली होती. शस्त्रक्रिया, मग डोक्यावर व कण्यावर किरणोपचार, मग महिनेन् महिने औषधें, असें सारें सोसून मुलगा वांचला. परंतु ज्या किरणांनीं गांठीचा निःपात केला, त्यांनींच मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीचें कामहि मंदावलें. ही ग्रंथि वाटाण्याएवढी. पण वाढीचें संप्रेरक तिच्यांतून येतें. डॉक्टर म्हणाले कीं, तें रोज रात्रीं बाहेरून टोंचून देतां येईल. पुतण्यानें किंमत विचारली आणि ऐकून पाणी मागितलें. सूनबाईंनीं निराळेंच विचारलें : "ज्या औषधानें माझं मूल वाढेल, त्यानं ती गांठही वाढणार नाही ना?"

डॉक्टरांनीं त्या दिवशीं काय उत्तर दिलें तें दोघांच्याहि ध्यानांत राहिलें नाहीं. संध्याकाळीं तीं आमच्याकडे आलीं. "काका, तुम्ही पुष्कळ वाचता," पुतण्या म्हणाला, "तुम्हीच पाहून सांगा."

आम्ही वैद्य नव्हों. आमचें आयुष्य शाळेंत मराठी शिकविण्यांत गेलें. साहजिकच आमचें मन प्रथम शब्दांतच अडकलें. वाढ हा केवढा मंगल शब्द! परंतु नारळ 'फोडला' न म्हणतां 'वाढविला' म्हणावयाचें, बांगडी फुटली तरी ती 'वाढली' म्हणावयाचें, हेंहि आमच्याच घरांतील बायकांनीं आम्हांस शिकविलें. असो. चष्मा पुसून आम्ही वाचावयास बसलों.

वाढीचें संप्रेरक कांहीं काम स्वतः करतें आणि बरेंचसें यकृताकडून करून घेतें. त्याच्या आज्ञेनें यकृत इन्सुलिनसदृश असा एक पदार्थ रक्तांत सोडतें. शास्त्रज्ञ त्यास आयजीएफ-१ म्हणतात. हाडांच्या टोंकांशीं वाढणाऱ्या पेशींस तो विभागून वाढावयास लावतो, आणि ज्या पेशींनीं मरावयाचें त्यांस मरूं देत नाहीं. आणि कर्करोगाची पेशी म्हणजे तरी काय? जिचें वाढणें थांबत नाहीं आणि जी मरावयाचें विसरली आहे, ती. तेव्हां सूनबाईंची शंका अडाणी आईची नव्हती. प्रयोगशाळांतून हीच शंका कित्येक वर्षें बाळगली गेली आहे.

तिला बळकटी देणारी एक विलक्षण हकीकत दक्षिण अमेरिकेंतील इक्वेडोर देशांत घडली. तेथील लोहा प्रांतांत कांहीं कुटुंबांतून साडेतीन-चार फुटांवर न वाढणारीं माणसें आहेत. त्यांच्या शरीरांत हें संप्रेरक उदंड असतें, परंतु तें ओळखणारी पेशींवरील खूणच सदोष असल्यामुळें त्याची हांक कोणी ऐकत नाहीं. झ्वी लारोन यांनीं १९६६ मध्यें इस्रायलमध्यें वर्णन केलेला हाच तो विकार. हाइमे गेव्हारा-अगिर्रे या डॉक्टरांनीं अशा सुमारें शंभर माणसांवर बावीस वर्षें नजर ठेविली. २०११ मध्यें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, एवढ्या काळांत त्यांपैकीं एकासच कर्करोग झाला व तोहि प्राणघातक ठरला नाहीं. उलट त्यांचेच उंच नातलग कर्करोगानें मरत होते. हीं ठेंगणीं माणसें चिरंजीव होतीं असें मात्र कोणी समजूं नये. अपघात, दारू, झटके यांनीं त्यांतील पुष्कळांचा अंत झाला.

हें वाचून आम्ही त्या रात्रीं पुस्तक मिटून ठेविलें. दुसऱ्या दिवशीं मनास समजाविलें कीं, ज्यांच्या शरीरास संप्रेरक कधीं उमगलेंच नाहीं त्यांची गोष्ट निराळी, आणि ज्याचें आटलें त्यास तें पुन्हां पूर्ववत् देण्याची निराळी.

या औषधाचा पूर्वेतिहासहि निष्कलंक नाहीं. १९५८ मध्यें अमेरिकेंतील मॉरिस रेबन यांनीं मृतांच्या ग्रंथींतून काढलेल्या संप्रेरकानें एक मुलगा वाढल्याचें प्रसिद्ध केलें, आणि पुढें देशोदेशींच्या हजारों मुलांस तें मिळालें. १९८५ मध्यें उघड झालें कीं, त्यांपैकीं कांहींस त्यांतूनच मेंदू पोखरणारा असाध्य रोग जडला आहे. तें बंद पडलें; त्याच वर्षीं अमेरिकेंत जंतूंकडून बनवून घेतलेलें शुद्ध संप्रेरक आलें. आज मिळतें तें या दुसऱ्या जातीचें. जुनें औषध घेतलेल्या १,८४८ ब्रिटिश रुग्णांचा शोध २००२ मध्यें प्रसिद्ध झाला. मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाचें प्रमाण त्यांत अपेक्षेहून कित्येक पट निघालें. परंतु तें प्रमाण अवघ्या दोन रुग्णांवर उभें होतें.

आमच्या मुलाशीं ज्यांचें साम्य, तीं अमेरिकेंतील कर्करोगांतून वांचलेलीं मुलें. त्यांपैकीं संप्रेरक घेतलेल्या ३६१ जणांची पाहणीहि २००२ मधलीच. मूळ गांठ परत येण्याचें प्रमाण त्यांत वाढलेलें नव्हतें. नवीन, दुसरीच गांठ उद्भवण्याचें मात्र तिपटीहून अधिक होतें. तेंहि पंधरा जणांवरून. २००६ मध्यें तीच मुलें आणखी कांहीं वर्षें पाहिल्यावर तें दुपटीच्या जरा वर आलें, आणि नव्या गांठींत मेंदूच्या आवरणाच्या, बहुधा सौम्य, अशा गांठी सर्वांत अधिक होत्या. पुढें २०१७ मध्यें युरोपांतील आठ देशांच्या २३,९८४ रुग्णांचा वृत्तांत आला. ज्यांस पूर्वीं कर्करोग नव्हता, त्यांत स्पष्ट वाढ आढळली नाहीं. ज्यांस होता, त्यांत रोजची मात्रा मोठी तसे कर्करोगाचे मृत्यू अधिक, असा एक कल दिसला. त्याचा उलगडा त्या शास्त्रज्ञांसहि झाला नव्हता.

(हेंच संप्रेरक म्हाताऱ्यांस तरुण करतें अशा जाहिराती आम्हांसहि येतात. १९९० मध्यें अमेरिकेंत बारा वृद्धांस तें सहा महिने दिलें होतें. तेवढ्यावर हा व्यापार फोंफावला. ययातीला निदान मुलाकडे मागण्याची लाज तरी वाटली असेल.)

हें सारें आम्ही दोघांस सांगितलें. कांहीं लपविलें नाहीं. आमच्या वहिनी माळ ओढीत बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "ठेंगणा राहिला तर राहिला. जिवंत आहे ना? मग देवाला पुन्हा कशाला डिवचता?" त्यांचें म्हणणें आम्हांस खोडून काढतां आलें नाहीं. 'द्या' असेंहि आमच्यानें म्हणवेना. इतक्यांत, झोपला असें ज्यास समजत होतों तो दारांत येऊन उभा राहिला. "आजी, शाळेत प्रार्थनेच्या रांगेत चार वर्षं मीच पहिला आहे," तो म्हणाला. "आता पहिलीतली मुलंसुद्धा मला आपल्या वर्गात ये म्हणतात."

सूनबाई डॉक्टरांकडे पुन्हां गेल्या, या वेळीं प्रश्न कागदावर लिहून. संप्रेरक उंचीपुरतें नसून स्नायू व हाडें यांसहि लागतें, हें तेव्हां कळलें. मात्रा बेतानें द्यावयाची, रक्तांतील आयजीएफ-१ वयाच्या मानापेक्षां वर जाऊं द्यावयाचें नाहीं, मेंदूचें चित्रण ठरल्या मुदतीस करावयाचें आणि कांहीं संशय आल्यास औषध त्याच दिवशीं थांबवावयाचें, असें ठरलें. किरणांचें भय त्याच्याबरोबर जन्मभर राहणारच, हें डॉक्टरांनीं स्वच्छ सांगितलें. त्यांत या औषधाची भर किती, हें आंकड्यांत सांगण्याचें मात्र त्यांनीं टाळलें. सूनबाईंनीं सही केली. वहिनींनीं त्या दिवसापासून शनिवार धरला.

यास आतां दोन वर्षें होत आलीं. विजारींतील माया एकदां सोडून झाली. शाळेच्या रांगेंत तो तिसरा उभा राहतो. आमच्याकडे सुटींत राहावयास येतो तेव्हां त्याचें औषध बर्फाच्या कपाटांत, दुधाच्या पातेल्याशेजारीं असतें. पुढील चित्रण येत्या महिन्यांत आहे. त्याची तारीख घरांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. काल रात्रीं नऊ वाजतां तो तें लेखणीसारखें साधन घेऊन आमच्या खुर्चीशीं आला आणि विजार गुडघ्यावर सरकवीत म्हणाला, "आजोबा, काल डावी मांडी झाली का उजवी? मी विसरलो."