सीटचं माप

टूर द फ्रान्स आजवर सर्वांत कमी फरकाने हातची गेली ती 1989 साली. फरक होता 8 सेकंदांचा. शेवटच्या दिवशी लोरां फिन्यों हा ग्रेग लेमाँडच्या 50 सेकंद पुढे होता आणि व्हर्साय ते पॅरिस हे जेमतेम साडेचोवीस किलोमीटर उरले होते. लेमाँडच्या नव्या धाटणीच्या हँडलची चर्चा आजही होते. सीट घासते नेमक्या त्या जागी फोड आल्यामुळे फिन्योंला धड बसताही येत नव्हतं, हे मात्र मागे पडतं. त्याच्या दोन वर्षं आधी शॉन केली स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत पहिल्या क्रमांकावर असताना अशाच दुखण्यापायी सायकलवरून उतरला. शर्यत संपायला तेव्हा तीनच दिवस राहिले होते. लुईसाँ बोबेने 1955 ची टूर जिंकली खरी, पण बैठकीच्या जखमांवर त्याला नंतर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

या मंडळींच्या दिमतीला मेकॅनिक होते, मालिशवाले होते, डॉक्टर होते. पुण्यात आठवडाभर नोकरी करून रविवारी पहाटे सायकल काढणाऱ्यांकडे यातलं काहीच नसतं, आणि अंतरं मात्र कमी नसतात. बीआरएम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, 300 ला 20, 400 ला 27 आणि 600 ला 40. पाय, फुप्फुसं, पोट यांची तयारी माणूस महिनोन्‌महिने करतो. सीट मात्र सायकलबरोबर येते तीच राहते.

माझ्या रोड बाइकची सीटही दुकानातून आली तशीच होती. काळी, अरुंद, दिसायला देखणी. सिंहगडापर्यंत जाऊन यायला तिची काही तक्रार नव्हती. लांबच्या राइडला खंबाटकी चढून उतरलं, सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं, की दुखायला सुरुवात व्हायची. आधी हाडांवर ठणका, मग जांघेत जळजळ, आणि शेवटी पुढचा नाजूक भाग सुन्न. परतीच्या सपाट रस्त्यावर तर जास्तच. त्याचं कारण नंतर कळलं: चढावर पेडलवर जोर असतो, म्हणून शरीराचं बरंच वजन पाय पेलतात. सपाटीवर वारा पाठीशी असला की पाय निवांत होतात आणि सगळा भार सीटवर येतो.

सोबतच्या पुरुषांनी सांगितलं, होईल सवय. बायकांनी बाजूला घेऊन सांगितलं ते वेगळं होतं. कुणाला दोन दिवस लघवी करताना आग होत होती, कुणाला सूज होती, एकीने त्यापायी लांबच्या राइड सोडल्या होत्या. चहाच्या टपरीवर टायरमधल्या हवेवर तासभर बोलणाऱ्या गटात या गोष्टीचा मोठ्याने उच्चारही झालेला नव्हता.

सवय होते ती हाडांवरच्या ठणक्याची. नवी सीट किंवा पावसाळ्यानंतरची पहिली राइड असली की तो काही दिवस राहतो आणि जातो. बधिरपणाची सवय होत नसते आणि करूनही घ्यायची नसते. बसताना टेकतात ती ओटीपोटाच्या सांगाड्याची खालची दोन हाडं, आणि वजन पेलण्यासाठीच ती बनलेली आहेत. त्यांच्या मधल्या मऊ भागातून मात्र नस आणि रक्तवाहिन्या जातात. तिथे तासन्‌तास दाब आला की रक्तपुरवठा कमी होतो आणि संवेदना जाते.

म्हणूनच मऊ, जाड सीट हा उपाय ठरत नाही. पहिला सल्ला सगळ्यांना तोच मिळतो; मलाही जेलचं कव्हर आणून दिलं गेलं. तासभर ते सुखाचं वाटतं. पुढे हाडं त्या मऊपणात रुततात आणि बाजूचा जेल मधोमध वर उचलला जातो, म्हणजे ज्या जागेला जपायचं तिथेच दाब वाढतो. लांब पल्ल्याचे जुने स्वार टणक सीटवर बसलेले दिसतात, ते सहनशक्ती दाखवायला नव्हे. टणक सीटवर हाडं वरच राहतात.

टणकपणाची ही परंपरा दीडशे वर्षांच्या आसपासची आहे. बर्मिंगहॅमचे चामड्याचे कारागीर जॉन बोल्टबी ब्रुक्स यांचा घोडा 1878 मध्ये मेला आणि ते उसन्या सायकलवर कामाला जाऊ लागले, असं त्यांची कंपनी सांगते. ती सीट इतकी त्रासदायक होती की त्यांनी स्वतःच एक बनवली आणि 1882 मध्ये तिचं पेटंट घेतलं. ब्रुक्सची बी 17 ही जाड चामड्याची सीट शंभर वर्षांहून अधिक काळ बाजारात आहे. चामडं झोळीसारखं ताणलेलं असतं आणि मालकाच्या हाडांप्रमाणे हळूहळू खोल होतं. गटातल्या एका मित्राची मी चालवून पाहिली. घडून गेलेली ती सीट अप्रतिम होती, पण घडली होती त्याच्या मापाने. शिवाय सह्याद्रीच्या पावसात तिला जपावं लागतं. ओलं चामडं वजनाखाली ताणलं जातं आणि मग कायमचं सैल पडतं.

माप. सगळं तिथे येऊन थांबतं, आणि ते घरी पाच मिनिटांत घेता येतं. खोक्याचा पन्हळी पुठ्ठा कठीण स्टुलावर ठेवायचा, पातळ कपड्यांत त्यावर बसायचं, पाय थोडे उचलून जरा पुढे वाकायचं. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे बैठकीच्या हाडांचं अंतर. सीट त्याहून दोनेक सेंटिमीटर रुंद हवी, म्हणजे हाडं कडेवर न येता सपाट भागावर टेकतात. माझं अंतर भरलं 13 सेंटिमीटर. जुनी सीट सर्वांत रुंद ठिकाणी तेवढीच होती आणि तिच्या कडा उतरत्या होत्या. दोन्ही हाडं उतारावर, आणि वजन मधल्या भागावर. सगळ्या दुखण्याचा उलगडा एका पुठ्ठ्यावर झाला.

हे माप उंचीवरून किंवा वजनावरून ओळखता येत नाही. सडपातळ माणसाचं अंतर जास्त असू शकतं, जाड माणसाचं कमी. बायकांचं सरासरीने जास्त असतं. बसण्याची ढबही मोजावी लागते. ताठ बसणाऱ्याचा भार मागच्या रुंद भागावर पडतो. खाली वाकून, हँडलचा वाकडा भाग धरून चालवणाऱ्याचं ओटीपोट पुढे कलतं, भार पुढे सरकतो आणि सीटच्या मधली खाच महत्त्वाची ठरते.

ही खाच आज सगळीकडे दिसते. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईंनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच बायकांसाठी मध्ये भोक असलेली सीट आणली होती. बाजाराने मनावर घेतलं ते त्याच दशकाच्या उत्तरार्धात, बोस्टनचे डॉ. अर्विन गोल्डस्टीन यांनी सीटचा संबंध पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेशी जोडल्यावर. पुढे कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या ‘नायॉश’ या अमेरिकी सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना पुढचं नाक नसलेल्या सीट दिल्या. सहा महिन्यांनी बधिरपणा अजिबात जाणवत नाही असं सांगणाऱ्यांचं प्रमाण 27 टक्क्यांवरून 82 टक्क्यांवर गेलं. हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला.

तो पुरुषांवरचा होता. बायकांचं दुखणं चारचौघांत यायला आणखी वेळ लागला. ब्रिटनची पॅरालिम्पिक सायकलपटू हॅना डाइन्स हिने 2019 मध्ये वर्तमानपत्रात स्वतःच्या नावानिशी लिहिलं, की वर्षानुवर्षांच्या दाबाने तिच्या योनीमुखाशी सूज राहिली आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली. ते वाचल्यावर आमच्या गटातल्या बायका एकमेकींशी मोकळेपणाने बोलू लागल्या. तिचे आभार मानावेत तेवढे थोडे.

माझी आताची सीट साडेपंधरा सेंटिमीटर रुंद आहे, नाक आखूड, मधे लांब खाच, आणि बोटाने दाबली तर जेमतेम दबते. पण ती बसवल्याबरोबर सुख झालं असं नाही. पुढचं काम ॲलन कीचं होतं. सीट उंच असेल तर पेडल खाली जाताना कंबर डावी-उजवीकडे हलते आणि जांघा सोलवटतात. नाक फार खाली केलं तर शरीर पुढे घसरतं आणि हातांवर भार येऊन तळवे सुन्न होतात. मी आधी सपाट ठेवून नाक किंचित खाली केलं आणि प्रत्येक बदलानंतर लांबची राइड करून मगच पुढचा बदल केला. एका वेळी दोन गोष्टी हलवल्या, तर गुण कशाने आला हे कळत नाही. 1969 मध्ये ब्ल्वाच्या वेलोड्रोमवर झालेल्या अपघातात कंबर दुखावल्यावर सायकलपटू एडी मर्क्स उरलेली कारकीर्दभर सीटची उंची बदलत राहिला, कधी कधी चालू शर्यतीत. शरीर बदललं की माप बदलतं. बाळंतपणानंतर, पाठदुखीनंतर, वय वाढल्यावर ते पुन्हा घ्यावं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पॅडेड शॉर्ट्सच्या आत चड्डी घालायची नाही, तिची शिवणच कातडी कापते. राइड संपली की शॉर्ट्स लगेच बदलायची. जांघांना क्रीम आधीच लावायचं, सोलवटल्यावर नव्हे. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर क्षणभर उभं राहायचं. गाठ, सूज किंवा तासाभरानंतरही न जाणारा बधिरपणा असेल तर सायकल ठेवून डॉक्टरांकडे जायचं, आणि काय झालंय ते स्पष्ट शब्दांत सांगायचं.

एक अडचण मात्र एकट्यादुकट्याने सुटणारी नाही. चांगली सीट महाग असते आणि दुकानात दोन मिनिटं बसून तिची परीक्षा होत नाही; 100 किलोमीटर झाल्याशिवाय ती कळत नाही. दुकानदार वापरलेली सीट परत घेत नाहीत. म्हणून लोक एक विकत घेतात, दुखलं तरी तीच चालवतात आणि शेवटी सायकल विकतात. गावोगावच्या सायकल क्लबांनी वर्गणी काढून वेगवेगळ्या रुंदीच्या चार-पाच सीट घ्याव्यात, आठवड्याच्या बोलीवर सभासदांना वापरायला द्याव्यात आणि त्यांतल्या निम्म्या बायकांच्या मापाच्या असाव्यात. सभासदांच्या घरी न वापरलेल्या सीट पडून असतील तर सुरुवात त्यांच्यापासून करा.