डिंगलच्या पश्चिमेला

किलार्नीहून येणाऱ्या सहलीच्या बस डिंगलमध्ये जेवणापुरत्या थांबतात आणि निघून जातात. आम्ही तिथे मुक्काम केला, ते फार बरं झालं. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचं, केरी परगण्यातलं हे बंदराचं छोटं गाव. रंगीत दुकानं, मासेमारीचे ट्रॉलर, संध्याकाळी पबमधून येणारे फिडलचे सूर. बंदरावर फंगी नावाच्या डॉल्फिनचा ब्राँझचा पुतळा आहे. १९८३ पासून २०२० पर्यंत तो इथल्याच पाण्यात राहिला, आणि त्याला पाहायला जगभरातून माणसं आली.

मला मात्र ओढ होती गॅलरसच्या प्रार्थनागृहाची. पालथ्या घातलेल्या होडीसारखी ही दगडी वास्तू. प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जरा आत सरकवलेला, त्यामुळे भिंतीच वर जाऊन एकमेकींना मिळतात आणि त्यांचंच छप्पर होतं. शिवाय दगडांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिलाय. कित्येक शतकं उलटली, मधोमध छप्पर जरासं दबलंय, एवढंच. आम्ही आत उभे होतो तेव्हा बाहेर जोराचा पाऊस लागला होता. भिंतीवरून हात फिरवला, तर ती कोरडी! पूर्वेच्या एवढ्याशा खिडकीतून येईल तेवढाच उजेड. ज्यांनी हे रचलं त्यांना पाऊस पुरता कळला होता.

तिथून डनक्विनला गेलो. समुद्र खवळलेला, त्यामुळे ब्लास्केट बेटाची होडी बंद. बेट समोर दिसतं, पण जाता येत नाही. तिथल्या लोकांचं आयुष्यच असं गेलं. १९४७ च्या जानेवारीत मेंदूज्वराने आजारी पडलेला एक तरुण वादळामुळे डॉक्टरविना गेला. त्याच वर्षी उपासमारीची वेळ आली, तेव्हा बेटकऱ्यांनी थेट पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार केली. १९५३ मध्ये सरकारने उरलेल्या माणसांना किनाऱ्यावर आणून वसवलं.

एवढ्याशा बेटावरच्या कोळी-शेतकऱ्यांनी आयरिश साहित्यात मानाचं स्थान मिळवलंय. तोमास ओ क्रोहनचं आत्मचरित्र १९२९ चं. पेग सेयर्सने तर आपली कहाणी तोंडी सांगितली, लिहून घेतली मुलाने. मला हे गॅलरसच्या छपराइतकंच थोर वाटतं. डिंगलला परतल्यावर तोमासचं पुस्तक विकत घेतलं. इंग्रजी अनुवाद रॉबिन फ्लॉवरचा. लंडनचा हा विद्वान उन्हाळ्यात बेटावर येऊन राहायचा आणि तोमासकडून आयरिश शिकायचा.